कुणाच्या हातचं?

आमची रविवार सकाळची बैठक रंकाळ्याच्या काठावर एका चहाच्या गाड्यापाशी भरते. एक फाउंड्रीवाले, एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, पुण्याहून महिन्यातून दोनदा घरी येणारा एक सॉफ्टवेअरवाला पोरगा, आणि तंत्रनिकेतनात चोवीस वर्षं वर्कशॉप शिकवून आता घरी बसलेला मी. आम्हाला एकत्र आणलं ते चावीच्या घड्याळांनी. इतर गावांत याला छंद म्हणत असतील, कोल्हापुरात नाद म्हणतात. कुणाला कबुतरांचा, कुणाला बैलांचा, कुणाला फुटबॉलचा, तसा आम्हाला घड्याळांचा. घरच्यांनी आमचा नाद कधीच सोडून दिलाय.

दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या मेहुण्यांना बरोबर आणलं. म्युनिकला असतात, घरच्या लग्नाला आलेले. त्यांनी बाकड्यावर रुमाल पसरला आणि मनगटावरचं घड्याळ उतरवून त्यावर ठेवलं. स्वित्झर्लंडमधल्या एका स्वतंत्र घड्याळकाराचं, अगदी नवं. कारखाना म्हणजे जेमतेम दहा माणसं. आगाऊ पैसे भरून तीन वर्षं वाट बघितल्यावर हातात आलेलं. साधी काळी डायल, तीन काटे, आणि बाराच्या खाली बारीक अक्षरांत नाव. कुठल्या कंपनीचं नव्हे, घड्याळ करणाऱ्याचं.

मागची बाजू काचेची होती. मी आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, डोळ्यात अडकवलं. घड्याळातली चाकं ज्या पट्ट्यांखाली फिरतात त्यांना ब्रिज म्हणतात. या ब्रिजच्या सगळ्या कडा ४५ अंशांत मोडून आरशासारख्या चकचकीत केलेल्या होत्या. एका ठिकाणी दोन कडा आत वळून एकमेकींना भेटत होत्या आणि तिथं केसाएवढी सरळ, टोकदार रेघ तयार झाली होती. मी आयग्लास फाउंड्रीवाल्यांकडे दिलं. माणूस तीस वर्षं मशिनिंगमध्ये आहे. त्यांनी पंधरा-वीस सेकंद बघितलं आणि म्हणाले, "सर, कटर गोल फिरतोय. आतला कोपरा त्याला असा येणारच न्हाई. कितीबी बारीक घ्या, थोडी गोलाई सोडणारच. ही कानस मारलीय मर्दा."

बरोबर होतं त्यांचं. आतला टोकदार कोपरा आजही हातानंच काढावा लागतो. कानशीनं आकार द्यायचा, मग दगड, मग लाकूड. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या व्हॅले द जू नावाच्या खोऱ्यात त्यासाठी जेन्शियन नावाच्या रानटी रोपाची वाळलेली काडी वापरतात. तिचा गर नेमका हवा तेवढा मऊ असतो. एकेका पट्टीवर माणसाचे दिवसच्या दिवस जातात.

मग किंमत विचारली गेली. ती ऐकून चहावाल्यानंही मान वर केली. फाउंड्रीवाले म्हणाले, एवढ्यात माझी एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन, आली असती. काकांनी शांतपणे विचारलं, "आणि वेळ?" मेहुणे म्हणाले, दिवसाला चार-पाच सेकंद इकडं-तिकडं. काकांनी सेलमध्ये सहाशे रुपयांना घेतलेलं आपलं बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ पुढं केलं. ते महिन्याला पंधरा सेकंदसुद्धा चुकत नाही. सगळे हसले, मेहुणेही हसले.

त्या हसण्यात जो प्रश्न होता तो आमच्या बाकड्यापुरता नाही. स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांच्या गटाशी भारताचा व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. म्हणजे अशी मनगटं आणखी दिसतील आणि ठरलेलं भांडणही वाढेल. एक म्हणणार, ही उधळपट्टी, श्रीमंतांचा माज. दुसरा म्हणणार, ही कलेची कदर. मला यात फार रस वाटत नाही, कारण दोघंही घेणाऱ्याच्या खिशाकडे बघून भांडतात. मी आयुष्यभर पोरांना कानस मारायला शिकवली, त्यामुळे माझं लक्ष करणाऱ्याकडे जातं. आणि मला त्या घड्याळातल्या एकाच गोष्टीचा हेवा वाटला, डायलवरच्या नावाचा. तसे हात कोल्हापुरातही आहेत. त्या हातांना नाव लावायची सवय मात्र आपण घालवून बसलोय, आणि कारागिरीबद्दलच्या आपल्या सगळ्या चर्चा, जीआय टॅगपासून (म्हणजे भौगोलिक मानांकनापासून) प्रदर्शनातल्या स्टॉलपर्यंत, याच ठिकाणी पंक्चर होतात.

"वेळ मोबाईलवर दिसते, मग घड्याळ कशाला" या प्रश्नात वेळ घालवत नाही. निदान कोल्हापूरकरानं तरी तो विचारू नये. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत पोचतं. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा तेच. त्या गर्दीतला एकही माणूस तारीख कळावी म्हणून आलेला नसतो. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी दगड असे रचले की सूर्य ठरल्या दिवशी ठरल्या जागी यावा, ते बघायला लोक येतात. तो कुणीतरी कोण, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

आता थोडं घड्याळवाल्यांकडे. २५ डिसेंबर १९६९ ला सेको कंपनीनं टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. चावीच्या घड्याळातलं बॅलन्स चक्र सेकंदाला पाच ते आठ वेळा टिकटिकतं. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या दोघांची कुस्ती लागली तर निकाल काय, हे सांगायला पंच लागत नाही. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ धंद्यात ९०,००० च्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३०,००० च्या घरात आली. चावीच्या घड्याळाची तिरडी बांधून झाली होती.

आणि नेमक्या त्याच काळात काही हट्टी माणसांनी स्वतःच्या नावानं घड्याळं करायला घेतली. १९८५ मध्ये स्वेंड अँडरसन आणि व्हिन्सेंट कॅलाब्रेसे या दोघांनी स्वतंत्र घड्याळकारांची अकादमीच काढली. यांतला माझा लाडका माणूस फिलिप द्युफूर. व्हॅले द जू मध्येच, एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्याचं वर्कशॉप आहे. ऐंशीच्या दशकात त्यानं एका नामांकित कंपनीसाठी तासांचे आणि पावतासांचे टोले आपोआप देणारी पाच खिशातली घड्याळं केली. हे घड्याळकलेतलं सगळ्यात अवघड काम समजलं जातं. पाचही घड्याळांवर नाव कंपनीचं. १९९२ मध्ये त्यानं तसलंच यंत्र मनगटी घड्याळात बसवलं आणि डायलवर आपलं नाव लिहिलं. हात तोच, कानस तीच. पण जगाला द्युफूर माहीत झाला तो या दुसऱ्या घड्याळामुळं.

दुसरी गोष्ट आइल ऑफ मॅन बेटावरची. जॉर्ज डॅनियल्स हा इंग्रज घड्याळकार घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतः करायचा. त्यानं शोधलेली घर्षण कमी करणारी एस्केपमेंट (चाकांना ठेक्यानं एकेक दात पुढं सोडणारी यंत्रणा) १९९९ पासून ओमेगा कंपनीनं आपल्या घड्याळांत घेतली. त्याच्याकडे रॉजर स्मिथ नावाचा पोरगा आपण एकट्यानं केलेलं पहिलं खिशातलं घड्याळ घेऊन गेला. डॅनियल्सनं ते बघितलं आणि नापास केलं. म्हणाला, हे हातानं केल्यासारखं दिसतंय. म्हणजे काम करताना झालेली खटपट त्यात दिसत होती, ती दिसायला नको होती. पोरगा घरी गेला आणि दुसऱ्या घड्याळाला बसला. पाच वर्षांच्या वर लागली. एकेक भाग तीन-तीन, चार-चारदा केला. ते बघून म्हाताऱ्यानं, आता तू घड्याळजी झालास, असं सांगितलं आणि त्याला हाताखाली घेतलं. आज तो त्याच बेटावर स्वतःच्या नावानं घड्याळं करतो आणि कुणीही त्याचं नाव घेतलं की पाठोपाठ डॅनियल्सचं येतंच.

ही गोष्ट मी बाकड्यावर सांगितली तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम बघितलेल्या माणसाला हे पाठ असतं. खासबागेत नवा पोरगा चांगला खेळला की पहिला प्रश्न त्याच्या गावाचा नसतो. "कुणाचा पठ्ठा?" हा असतो. वस्तादाचं नाव कळलं की त्या डावाची वंशावळ कळते. पैलवान हरला तरी हा प्रश्न विचारतात, हे त्यातलं विशेष.

आता हाच प्रश्न चपलेला विचारून बघा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी दिसली, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. आपण सगळे खवळलो. मीही खवळलो, पुतण्याला सांगून फेसबुकवर चार ओळी टाकल्या. कंपनीला मान्य करावं लागलं की ही रचना भारतातल्या पारंपरिक चपलेवरून घेतलीय. पुढं डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: दोन हजार जोड इथं करून घेणार, विकणार सुमारे ८०० युरोंना. चांगलं झालं. पण त्या सगळ्या गदारोळात आपण भांडत होतो गावाच्या नावासाठी. चप्पल करणाऱ्या एका तरी माणसाचं नाव त्या वेळी आपल्या तोंडात होतं का? माझ्या तरी नव्हतं.

२०१९ मध्ये मिळालेला जीआय टॅगही तसाच. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून कोल्हापुरी. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेलं. टॅग मालाचं नाव राखतो, जागेचं नाव राखतो आणि ते राखायलाच हवं. पण चपलेचे प्रकार बघा: कापशी, कुरुंदवाडी. इथंही गावंच. पहिली कापशी चप्पल कापशीतल्या कुठल्या घरात, कुणाच्या रांपीखाली कापली गेली असेल? कुठल्यातरी एका माणसानंच तो आकार पहिल्यांदा काढला असणार, गावानं एकत्र बसून काढला नसणार. द्युफूरच्या खोऱ्यातही पूर्वी शेतकरी हिवाळ्यात घरात बसून घड्याळाचे सुटे भाग करायचे आणि नाव दुसऱ्याचं लागायचं. हुपरीत आजही चांदीच्या पैंजणाचं काम असंच घराघरांत वाटलेलं आहे. एका घरात तार, एका घरात जोडकाम, एका घरात पॉलिश. पुढचा रस्ता मात्र दोन्हीकडे वेगळा झाला.

गुजरीत जा. दागिन्यावर सहा आकडी-अक्षरी हॉलमार्क क्रमांक असतो, त्यावरून सोन्याचा कस कळतो, सराफ कळतो. ठुशी ज्यानं घडवली, जो कदाचित बंगालमधून येऊन माडीवरच्या खोलीत बसून काम करतो, त्याचा पत्ता त्यात नाही. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात ओतलेली कास्टिंग जगभर जातात. फाउंड्रीवाल्यांना मी हे म्हणालो तर ते म्हणाले, "सर, खूण आमचीबी असतीया. प्रत्येक कास्टिंगवर आमचा कोड आणि हीट नंबर असतोय. पार्ट फुटला की बरोबर दारात येत्यात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण मीही तेच केलंय. पहिल्या वर्षाच्या पोरांना लोखंडाचे दोन तुकडे देऊन एक दुसऱ्यात बसेल असे कानशीनं जुळवायला लावतात. हाताला फोड येतात, पोरं मनातल्या मनात मास्तरला शिव्या घालतात. जॉब झाला की त्यावर रोल नंबर पंच करायचा. चोवीस वर्षांत मी हजारो जॉब तपासले असतील. काही असे जुळायचे की मधून उजेड दिसायचा नाही. त्यातल्या एकाही जॉबवर मी कुणाला नाव घालायला सांगितलं नाही. नंबर कशासाठी, तर कुणाचे मार्क कापायचे ते कळावं म्हणून. आपल्याकडे करणाऱ्याचा माग ठेवायची व्यवस्था आहे, चांगली पक्की आहे. पण ती दोष द्यायला आहे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. याच गावात आनंदराव आणि बाबूराव या नात्यातल्या भावांनी हलत्या चित्रांच्या वेडापायी स्वतःचा कॅमेरा करायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी १९१८ पर्यंत तो पुरा केला. त्यांचं आडनाव मेस्त्री होतं. पण गावानं दोघांनाही पेंटर म्हटलं आणि आजही आपण पेंटरच म्हणतो. उद्यमनगरात म्हादबा मिस्त्रींचं नाव अजून घेतात. म्हणजे त्या काळातलं कोल्हापूर माणसाचं काम त्याच्या नावालाच जोडून टाकत होतं. स्विस लोक डायलवर लिहितात, आपण हाक मारताना जोडत होतो. आजही गणपतीच्या आधी शाहूपुरीत किंवा गंगावेशीत फिरताना "मूर्ती कुणाकडची?" असं विचारतातच, आणि कुंभाराचं नाव सांगताना माणसाची कॉलर ताठ होते. जेवणात तर विचारूच नका. पांढरा रस्सा कुणाच्या हातचा, यावर आमच्याकडे लग्नं मोडायची वेळ येते. मग चपलेच्या, दागिन्याच्या, लोखंडाच्या बाबतीतच ही जीभ का अडखळते?

एक कारण बाजाराचं आहे. व्यापाऱ्याला कारागीर निनावी असलेला परवडतो. नाव झालं की गिऱ्हाईक थेट जातं आणि कारागीर भाव सांगायला लागतो.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे. आपल्याकडे नाव विचारलं की आडनाव येतं आणि आडनावामागून जात येते. कातडं कमावणारा हात, ते शिवणारा हात कुणाचा, हे गावाला नेहमीच माहीत होतं. म्हणूनच विचारायचं नव्हतं. वस्तू उंबऱ्याच्या आत चालत होती, करणारा चालत नव्हता. वस्तूला गावाचं नाव दिलं की ही अडचण मिटते: कोल्हापुरी म्हटलं की सगळ्यांची झाली. युरोपातल्या घड्याळजीनं टेबलाशी बसून हातानं काम केलं म्हणून त्याला कुणी पंगतीतून उठवलं नव्हतं. त्याच्या नावाला जी किंमत आली तिच्या पायाशी ही साधी गोष्ट आहे, आणि आमच्या घड्याळवेड्या मंडळींच्या गप्पांत ती कधी येत नाही.

आणि नाव घेतल्यानं काय होतं, हे शाहू महाराजांच्या गावाला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या आपल्या पागेतल्या गंगाराम कांबळेंना महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा स्वतः गाडी थांबवून तिथला चहा ते चारचौघांत प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. शंभर वर्षांनंतरही ते हॉटेल गावाच्या नव्हे, गंगारामांच्या नावानं आठवतं.

माझ्या म्हणण्यावर सॉफ्टवेअरवाल्या पोरानं चांगली टाच मारली. म्हणाला, सर, नाव तरी कुठं टिकतंय? जेराल्ड जेंटा हा घड्याळांचा डिझायनर घ्या. त्यानं दुसऱ्यांसाठी आखलेली घड्याळं आज जगात सगळ्यात जास्त मिरवली जातात. नंतर त्यानं स्वतःच्या नावानं कंपनी काढली, ती विकली गेली, २००० मध्ये बुल्गारी कंपनीकडे गेली. नाव कंपनीचं झालं आणि म्हाताऱ्याला स्वतःची घड्याळं दुसऱ्या नावानं काढायची वेळ आली. डॅनियल रॉथ या घड्याळकाराचंही तेच. शिवाय 'स्वतंत्र' हा शब्दही सैलच, यातले कित्येक जण केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग एकाच मोठ्या कंपनीकडून घेतात. आणि तीन वर्षं रांगेत उभं राहून घड्याळ घेणारे सगळे रसिक नसतात. काहीजण खोकं न उघडता दुप्पट भावानं विकतात आणि त्यातला पैसा करणाऱ्याला मिळत नाही.

सगळं खरं आहे. नाव विकलं जातं, चोरलं जातं, त्याचा सट्टा होतो. पण विकायला आधी ते असावं लागतं. कापशीतल्या त्या पहिल्या कारागिराकडून कुणीच काही विकत घेतलं नाही, कारण त्याच्याकडे विकण्यासारखं नावच ठेवलं नव्हतं.

आता माझ्याच एका घड्याळाची गोष्ट. खरं तर दोन घड्याळांची. एक ऑटोमॅटिक, चांगल्या पैशाला घेतलेलं. ते दिवसाला दहा मिनिटं पुढं जायला लागलं म्हणून एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिलं. आठवड्यानं उत्तर आलं, आतलं मशीनच बदलावं लागेल. कुणी तपासलं, असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, टेक्निशियननी. त्यांच्याशी बोलता येईल का? नाही. नाव तरी? "सर, तशी पॉलिसी नाही."

दुसरं वडिलांचं. एचएमटी जनता, १७ ज्वेलचं, वडिलांना १९७१ मध्ये नोकरी लागली तेव्हा घेतलेलं. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं सुरू झाला, आणि २०१६ मध्ये सरकारनं घड्याळांचा तो सगळा धंदाच बंद करायचं ठरवलं. त्यामुळं पार्ट मिळतील तिथून मिळवायचे. महाद्वार रोडच्या एका बोळात जिन्याखाली एक घड्याळजी बसतात, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी पात्यानं मागचं झाकण उचकटलं, फुग्यानं धूळ उडवली आणि मशीनकडे न बघता आधी झाकण बल्बखाली तिरकं धरलं. मला म्हणाले, "आयग्लास हाय का? बघा."

झाकणाच्या आतल्या बाजूला, चकचकीत धातूवर, सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं होती. तीन ठिकाणी, तीन हातांची. दोन अक्षरं आणि तारीख, पुन्हा दोन अक्षरं आणि तारीख. ते बोट न लावता दाखवत गेले. "हे आमच्या वस्तादांचं, अठ्ठ्याहत्तर साल. त्यांचा 'स' असाच, शेपूट लांब. हे मधलं बेळगावचं असणार, तिथं एकजण तारखंखाली दोन रेघा मारायचा. आणि ह्ये तिसरं माझंच हाय की!" त्यांना त्याचा आनंद झाला. एकोणीसशे ब्याण्णवला वडिलांनी ते घड्याळ त्यांच्याकडेच दिलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

हे कशासाठी लिहिता, असं मी विचारलं. म्हणाले, "परत उघडणाऱ्याला कळाया नको व्हय, कुणी हात लावलाय? काम चांगलं असंल तर तो बाकीचं तपासत बसत न्हाई. नसंल तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळतंय."

बॅलन्स काढून पेट्रोलमध्ये धुतला, चिमट्यानं हेअरस्प्रिंग सरळ केली, तेलाचे चार ठिपके दिले. मग सुई घेऊन चौथ्या जागी दोन अक्षरं आणि तारीख कोरली. चारशे रुपये झाले. त्यांचा मुलगा शेजारच्याच गाळ्यात मोबाईलच्या काचा बसवतो.

तर द्युफूर आणि या जिन्याखालच्या माणसात अंतर आहेच. कौशल्याचं आहे, साधनांचं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आणखी एक अंतर दोन मिलिमीटरचं आहे: एकाचं नाव झाकणाच्या बाहेरच्या बाजूला आणि दुसऱ्याचं आतल्या.

ते ओलांडायला सरकारनं काहीच केलेलं नाही असंही नाही. चर्मोद्योग महामंडळानं २०२५ मध्ये कोल्हापुरी चपलेला क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली, त्यात कारागिराचं किंवा बचतगटाचं नाव असतं. जीआयच्या कायद्यातही अधिकृत वापरकर्ता म्हणून एकेका उत्पादकाची नोंद करता येते. पण क्यूआरमागचं नाव म्हणजे फायलीतलं नाव. मोबाईल काढून, चौकोन टिपून, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलेलं असतं. चपलेच्या तळव्यावर दुकानाचा ठसा मारायला जमतो, तर त्याशेजारी शिवणाऱ्याच्या नावाचाही जमेल. सराफाच्या बिलावर घडणावळ लिहितात, त्याच ओळीत घडवणाऱ्याचं नाव लिहायला शाई जास्त लागणार नाही. तंत्रनिकेतनातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी सांगून आलोय की यंदा पोरांना जॉबवर रोल नंबराऐवजी नाव पंच करू द्या. ते हसले. अक्षरांच्या पंचचा सेट महाग असतो, म्हणाले.

आणि आम्हा नादिष्टांना तर बोलायला तोंडच नाही. स्विस माणसासाठी तीन वर्षं थांबायचं कौतुक सांगणारे आम्ही, चपलेच्या जोडात शंभर रुपये कमी करून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. मीही त्यातलाच. गेल्या दिवाळीत चप्पल लाईनमध्ये कापशीचा जोड घेतला, घासाघीस करून. सात महिने वापरतोय. अंगठ्यापाशी जिथं दरवेळी पहिला टाका सुटतो, तिथं यंदा काहीच झालं नाही. परवा आयग्लास लावून बघितलं. टाके एकसारखे, वादीचं टोक आत असं वळवलेलं की सापडत नाही.

काल तीच चप्पल घालून त्या दुकानात गेलो. चप्पल काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, ही कुणी केलीय?

दुकानदाराचा चेहरा बदलला. चप्पल उलटी-सुलटी करून बघत म्हणाला, "का ओ काका? काय उसवलं का?"

मी म्हटलं, नाही, चांगली निघाली म्हणून विचारतोय.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत वळून हाक मारली, "अरे, दिवाळीतला कापशीचा लॉट कुणाकडनं आलता रं?" आतून कुणीतरी गावाचं नाव सांगितलं. "गाव न्हवं रं," तो म्हणाला, "माणूस. माणूस कोण?"